मनाई हुकुमात अडकलेला कोट

मनाई हुकूम हातात पडला तेव्हा मास्तरीणबाईंना आभाळ ठेंगणं झालं होतं. त्यांचे यजमान, म्हणजे शिंपीकाम करणारे मास्तर, भांडून बहिणीकडे राहायला गेले होते आणि तिथून दुकान विकायला निघाले होते. म्हणे, रेडिमेडच्या जमान्यात शिवून घेतंय कोण! वीस वर्षं दोघांनी मिळून चालवलेलं दुकान! बाईंनी तडक कोर्ट गाठलं. हुकूम झाला : दुकान विकायचं नाही आणि दोघांच्या लेखी संमतीशिवाय आतली कोणतीही वस्तू बाहेर न्यायची नाही. बाईंनी गिऱ्हाइकांना हात जोडले आणि दाराला कुलूप ठोकलं.

आज अकरा वाजता त्या हुकुमाची दोन आठवड्यांची मुदत संपत होती. वाढवून मिळाला नाही, तर दुकान हातचं गेलंच म्हणायचं. आणि सकाळी नऊलाच त्यांच्या वकीलबाई धापा टाकत दारात हजर. बाईंनी दुकानाचं कुलूप काढून त्यांना आत घेतलं.

"माझा दुरुस्तीला टाकलेला काळा कोट द्या बघू! कोटाशिवाय न्यायाधीश मला उभंसुद्धा करायचे नाहीत."

"कसा देऊ? बाहेर काही न्यायचं नाहीये."

"अहो, तो हुकूम तुमच्या सामानासाठी!"

"तसं कुठं लिहिलंय? 'कोणतीही वस्तू' लिहिलंय. तुम्हीच तसं मागितलं होतंत."

वकीलबाईंनी कागद तीनदा वाचला आणि मटकन स्टुलावर बसल्या. कुणाचा उसना घ्यावा, तर वकीलबाई अशा भरभक्कम की दुसऱ्याचा कोट दंडातच अडकायचा. आता मास्तरांची सही हवी. आणि मास्तरांनी नुसता फोन उचलला नाही तरी त्यांचं काम फत्ते!

पण मास्तरांनी फोन उचलला. वर पंधरा मिनिटांत आलेही. हुकूम वाचून असे खो खो हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"सही करता की नाही?" बाई कडाडल्या.

"आधी कोट बघू." त्यांनी तो उजेडात धरला. "हा खांदा तू शिवलास? चुण्या पडल्यात. असलं काम आपल्या दुकानातून बाहेर जायचं नाही."

"अहो, साडेनऊ वाजलेत!"

मास्तर आपल्या मशीनवर बसलेसुद्धा. खांदा उसवला, पाय चालू लागला आणि माणूस चक्क गुणगुणायला लागला. आपण कुलूप ठोकलं त्यात हे मशीनही अडकलं, हे बाईंच्या आत्ता ध्यानात आलं. दोन आठवडे हे हात रिकामे बसले होते. त्यांच्या जिवाला चटका लागला.

मास्तरांनी दोरा तोडला आणि संमतीच्या कागदावर सही ठोकली.

"गप्प बसला असतात तर जिंकला असतात की," बाई हळूच म्हणाल्या.

"गिऱ्हाइकाचं कापड अडकवून? इतका वाया गेलो नाही मी अजून."

अकरा वाजता कोर्टात वकीलबाई कोट चढवून ऐटीत उभ्या राहिल्या. त्या तोंड उघडणार, तोच मास्तरीणबाई उठल्या.

"साहेब, दुकान विकायचं नाही, एवढं राहू द्या. पण गिऱ्हाइकांचे कपडे सोडा. आणि यांचं मशीन यांना नेऊ द्या."

वकीलबाईंनी कोपर मारलं, पण बोलणं होऊन गेलं होतं. न्यायाधीशांनी मास्तरांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

मास्तरांनी घसा खाकरला. "मशीन नेऊ कुठं, साहेब? बहिणीच्या घरात मलाच कशीबशी जागा आहे. ते दुकानातच बरं. मला तिथं येऊन काम करायची परवानगी द्या. दहा ते सहा."

"ती माझ्याकडे कशाला मागता? बाईंना विचारा."

मास्तर वळले. वीस वर्षांत बायकोकडे कधी काही मागावं लागलं नव्हतं, त्यामुळे जीभ जरा अडखळली.

"येऊ?"

बाईंनी भर कोर्टात डोळे पुसले.

"दहाला काय येता? नऊला या. दोन आठवड्यांचं काम तुंबलंय."