एका शर्यतीपुरता हद्दपार

आमच्या टीमची शर्यतीची गाडी चालवते माझी बायको डार्लीन आणि हुकूम सोडतो मी, व्हर्लिन शोफ, क्रू चीफ. तसं माझ्या शर्टावर छापलेलं असतं म्हणून लोकांना कळतं. एरवी माझ्या वागण्यावरून तशी शंका यायचं काही कारण नाही.

नियम मात्र मला तोंडपाठ. कॅरोलायनातल्या आमच्या छोट्या ट्रॅकवर कुणाचं काही चुकलं, की पंचांच्या आधी मीच कुंपणाला रेलून शिक्षा सांगून टाकायचो. "पिटमध्ये जोरात घुसला! आता जा सगळ्यांच्या मागं!" आणि तसंच व्हायचं. लोक माझ्यापासून जरा लांबच उभे राहत. मला वाटायचं, आदरानं.

त्या शनिवारी डार्लीन तिसरी चालली होती. कुणाची तरी गाडी भिंतीला घासली, पिवळा झेंडा लागला, गाड्या मंदावल्या आणि ती चाकं बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या आमच्या थांब्यावर, आली. काढलेलं चाक हाताशीच ठेवायचं, मोकळं सोडायचं नाही, कारण ते कुणाच्याही पायात जातं. माझ्या हातात नुकतंच काढलेलं चाक होतं आणि मी नेमका हाच नियम माझ्या मेहुणीला समजावत होतो.

"ऱ्होंडा, चाक धर! सोडू नकोस!"

"माझं धरलंय, दाजी! तुमचं कुठं निघालं ते बघा!"

माझं चाक शेजाऱ्यांच्या पिटमधून मोठ्या रुबाबात चाललं होतं. मी मागं धावलो. माझं पोट आणि त्याचा वेग, काही मेळ बसेना. शेवटी ते शेजाऱ्यांच्या बर्फाच्या पेटीवर आपटून आडवं झालं आणि त्याच्यावर मी.

रेडिओवर डार्लीनचा आवाज आला. "व्हर्लिन, मला सगळ्यांच्या मागं जायला सांगतायत. काय केलंस?"

"अगं, नियमच आहे तसा. सुटलेल्या चाकाला..."

"पाठांतर नको म्हणून दाखवूस."

मागून वाट काढत काढत ती सातवी आली. वर शर्यतीनंतरची तपासणी बाकी होतीच. तपासायला मिस ओडेसा प्रुइट. हयातभर शाळेत गणित शिकवलेली ही बाई आता गाड्यांना पास-नापास करते. तिनं आमच्या चाकाच्या एका नटाला बोट लावलं आणि तो गोल फिरला. धावपळीत मीच बसवलेला.

"एकच तर नट आहे हो, मिस ओडेसा."

"व्हर्लिन, बाळा, एका सैल नटाला शिक्षा काय?"

"क्रू चीफ एक शर्यत बाहेर." तोंडातून आपसूक निघून गेलं.

"शाब्बास! डार्लीनचा सातवा नंबर कायम. तू पुढच्या शनिवारी प्रेक्षकांत बस."

माझी जागा ऱ्होंडाला दिली. आठवडाभर मी तिला सूचना देत होतो, अगदी नाश्त्याच्या टेबलावरसुद्धा.

"दाजी, बंदी स्वयंपाकघरातही लागू असते का हो?" तिनं विचारलं.

शनिवारी तिकीट काढून, चीजचं सँडविच घेऊन मी वर जाऊन बसलो. डार्लीन पिटमध्ये आली. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही, चाकं शहाण्यासारखी जागच्या जागी राहिली. आत शिरली तेव्हा ती चौथी होती, बाहेर पडली ती दुसरी. खरं सांगू? माझ्यावाचून यांचं थोडं तरी अडावं, असं मनात येत होतं. लाजही वाटत होती. पण शेवटच्या वळणावर तिनं आतली बाजू पकडून पुढच्या गाडीला मागं टाकलं, आणि मी असा काही किंचाळत उठलो, की सँडविच पुढच्या बाईच्या टोपीवर. डार्लीनचा हा पहिलाच विजय!

मला खाली मैदानात जायला मनाई. मग तीच जाळीपाशी आली. चेहरा काजळलेला, डोळे नुसते चमकत होते.

"बघितलंस?"

"बघितलं. बंदी एकाच शर्यतीची का, एवढंच कळलं नाही."

ती हसली आणि जाळीतून माझी बोटं घट्ट धरली. "वेडा आहेस. तुला शेजारी उभं करून फोटो काढायचा होता रे मला."



रविवारी चर्चनंतर ऱ्होंडाला गाठून म्हणालो, "पिट यापुढंही तूच सांभाळ. तू सांगशील ते मी करीन." वाटलं होतं, भिडेखातर एकदा तरी 'छे हो दाजी' म्हणेल.

माझं वाक्य संपायच्या आत ती हो म्हणाली.