आधी शेपूट पाहा

मी एक जुना, वीतभर लांबीचा दांडका आहे. आयर्लंडच्या नदीकाठी मला ‘प्रीस्ट’, म्हणजे पाद्री, म्हणतात, कारण माशाच्या शेवटच्या घटकेला मीच हजर असतो. डोक्यात एक फटका घातला की माझं काम झालं. मला कधी कोणाची कीव आली नाही.

मित्रांनो, वॉटरफोर्डजवळच्या टॉम नावाच्या कोळ्याने मला तासलं. त्याच्या जाळ्यातले सॅमन मी भराभर मारले आणि भरपूर शाबासकी मिळवली. पुढे सॅमन कमी झाले, कायद्याने जाळी बंद केली आणि मी खोपटात धूळ खात पडलो. म्हाताऱ्या टॉमने मग मला शेजारच्या उल्हासला देऊन टाकलं. उल्हास मूळचा अलिबागचा, इथे औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर.

देताना टॉमने बजावलं होतं. कायद्याच्या लेखी सॅमन म्हणजे फक्त अटलांटिक सॅमन, आणि आपल्या नदीत तो लागला तर जिवंत सोडायचा. पिंक सॅमन नावाचाच सॅमन. तो परका, पॅसिफिकमधून घुसलेला, तो मारायचा. पिंकच्या शेपटीवर मोठे काळे ठिपके असतात, तेवढं पाहायचं.

ऑगस्टमध्ये उल्हासच्या गळाला मासा लागला. सोबत त्याची दहा वर्षांची मुलगी निधी होती. अलिबागच्या बाजारात करतात तसे उल्हासने आधी कल्ले उघडून पाहिले, मग पोट दाबलं. बाजारात शेपूट कोण बघतो?

“गाबोळी आहे, निधी. अंड्यांनी भरलेली आहे एकदम.”

“बाबा, चेक द टेल फर्स्ट.”

“पाठीवर ठिपके आहेत ना? पिंकच आहे.”

मी खाली आलो. शेपूट अजून हलत होतं म्हणून पुन्हा एकदा आलो.

घरी निधीच्या आईने, सुरेखाने, गाबोळी तव्यावर टाकली. निधीने सिंकमधलं शेपूट उचलून पसरलं. वरातीमागून घोडं! त्यावर एकही ठिपका नव्हता.

“नो स्पॉट्स, बाबा. शी वॉज वन ऑफ आवर्स.”

उल्हासने ताट पुढे ओढलं. “आता मेली ना ती,” तो म्हणाला. “ये जेवायला, गार होईल.”

निधी जेवली नाही. उल्हासने गाबोळी दोनदा वाढून घेतली. मग मला धुतलं, पुसलं, तेल लावून कपाटात ठेवलं. माझी इतकी निगा आजवर कोणी राखली नव्हती.

मित्रांनो, मला डोळे नाहीत आणि दयाही नाही. तुम्हाला दोन्ही आहेत, म्हणून विनवतो, मला उचलण्याआधी शेपूट पाहा.

रविवारी उल्हास पुन्हा नदीवर जाणार आहे. या वेळी निधीला नेणार नाही म्हणाला.