प्रतिमा बोलली नाही

नागरिकहो, आपली मुलं आपल्यासारखीच व्हावीत असं कुणाला वाटत नाही? रंगनाथ देवस्थळींनाही तेच वाटे. विमा कचेरीतल्या बदलीनं ते साताऱ्याहून जयपुरात आले, तिथल्या सोडाला भागात बिऱ्हाड केलं, आणि दोनच महिन्यांत त्यांची पाच वर्षांची प्रतिमा दर वाक्याला हिंदीतलं 'मतलब' लावू लागली. आज भाषा गेली, उद्या देव जाईल!

अशा वेळी आप्पासाहेबांचं उपासना मंडळ त्यांना भेटलं. आठ-दहा मराठी घरं, रोजची आरती, मुलांची शाळाही मंडळातच. शिकवायला स्वतः आप्पासाहेब. माणूस मोठा प्रेमळ. रंगनाथरावांची बायको गिरिजा तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा महिनाभर दोन्ही वेळचा डबा मंडळातूनच आला होता. नियम मात्र एक कडक होता. बारा वर्षांच्या आतल्या मुलांनी, गळ्यात तुळशीची माळ नसलेल्या माणसाशी बोलायचं नाही. त्यानं विचारलं तरी नाही. प्रतिमेनं तशी शपथ घेतली होती, वडिलांच्याच समोर.

एकोणीसशे एकसष्टच्या श्रावणात रंगनाथराव आठ वर्षांच्या प्रतिमेला घेऊन त्रिपोलिया बाजारात समई घ्यायला गेले. त्या दिवशी तीज होती. तीन वर्षं शहरात राहून शहराचा एवढा मोठा सण ठाऊक नाही, अशी ही मंडळी! सवारी निघाली, हत्ती आले, बघ्यांची रेटारेटी झाली आणि लेकीचा हात सुटला.

रंगनाथराव धावतपळत पोलीस चौकीवर गेले.

"एक बच्ची मिली तो है," हवालदार म्हणाला, "पर वो गूंगी है. नाम भी नहीं बता सकती. पीछे की गली में बिठाया है, देख लो."

"नहीं, नहीं! मेरी लड़की गूंगी नहीं है!" असं म्हणून हे गृहस्थ आल्या पावली बाहेर पडले. त्यांनी गल्लीत डोकावूनही पाहिलं नाही.

तासभर त्यांनी देवळांच्या पायऱ्या पाहिल्या, दुकानांच्या फळ्या पाहिल्या. शेवटी एका टांगेवाल्यानं धीर दिला, "घबराओ मत बाबूजी. किसी ने पूछा होगा तो बच्ची ने पता बता दिया होगा."

रंगनाथराव जागच्या जागी थिजले. कुणी विचारलं तर प्रतिमा सांगणार नव्हती! ते तसेच उलटे पळत सुटले.

चौकीमागच्या गल्लीच्या तोंडाशी टांगा उभा होता. मुक्या पोरीला अनाथालयात पोचवायला हवालदार निघालाच होता. त्याच गल्लीत लाखेच्या बांगड्या करणाऱ्या जैतून बी तिचा हात धरून उभ्या होत्या, आणि ती पोर प्रतिमाच होती.

"बाबा!" तिनं मिठी मारली. रडून रडून डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "मी एक शब्दसुद्धा बोलले नाही! यांनी कितीदा नाव विचारलं. मी नियम मोडला नाही, बाबा!"

शाबास म्हणावं की रागवावं? पोरीला जे शिकवलं, तेच तिनं केलं होतं.

नियमाची गोष्ट रंगनाथरावांनी हवालदाराला सांगितली, ती जैतून बींनीही ऐकली. "बाबूजी, परायों से बचना सिखाया, अच्छा किया," त्या सावकाश म्हणाल्या. "पर परायों में भला कौन, बुरा कौन, ये बच्ची कब पहचानेगी? आप तो हमेशा हाथ पकड़े नहीं रहोगे."

घरी आल्यावर गिरिजा लेकीला कुशीत घेऊन बसून राहिली. "मंडळानं आपल्याला किती दिलंय," ती म्हणाली. "आणि आज त्याच मंडळाच्या नियमापायी ही गेली असती. मला काही कळेनासं झालंय हो."

दुसऱ्या दिवशी मंडळात आप्पासाहेबांनी प्रतिमेला पुढे बोलावलं, तिच्या हातावर नारळ ठेवला आणि म्हणाले, "मुलांनो, निष्ठा शिकावी तर हिच्याकडून!"

टाळ्या वाजू लागल्या. रंगनाथराव उठून उभे राहिले.

"आप्पासाहेब, नारळ देऊ नका. तिची निष्ठा खरी, पण चूक माझी आहे. मी तिला शाळेत घालणार. सगळ्यांच्या शाळेत."

"रंगनाथ, मराठी विसरेल ती. देव विसरेल."

"विसरेलही. मला खरंच ठाऊक नाही. घरी आम्ही शिकवू, तुम्हीही शिकवा. पण काल ती स्वतःचं नाव विसरली नव्हती, आप्पासाहेब. ते सांगायची तिला बंदी होती!"

आप्पासाहेबांनी प्रतिमेला जवळ घेतलं. मग म्हणाले, "हरवलेल्या पोराचं काय, हे नियम करताना माझ्या मनातच आलं नाही रे. मला विचार करू दे." त्यांनी निरोप दिला तो रागानं नव्हे.

आठवड्याभरानं सी-स्कीम भागातल्या एका शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी प्रतिमेला विचारलं, "बेटी, नाम क्या है?"

प्रतिमेनं बाईंच्या गळ्याकडे पाहिलं. माळ नव्हती. ती शपथ आता सुटली, असं बाबांनी तिला सांगितलं होतं. तिनं वडिलांकडे पाहिलं. उत्तर रंगनाथरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. हिला इथं सोडावं की घरी न्यावं, हेही पुन्हा एकदा मनात येऊन गेलं. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले. आता गप्प राहण्याची पाळी त्यांची होती!

"प्रतिमा रंगनाथ देवस्थळी," ती हळूच म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "सोडाला में रहती हूँ."

वाचकहो, देव, धर्म, भाषा मुलांना जरूर द्या. ते आपलं कर्तव्यच आहे. पण जगाशी बोलायची बंदी घालून त्यांचं रक्षण होत नाही. आपला हात कधीतरी सुटणारच. त्या दिवशी त्यांना आपलं नाव सांगता आलं पाहिजे, आणि समोरचा माणूस ओळखताही आला पाहिजे.