समुद्राकडची रिंग

तुळसाकाकी आमच्याबरोबर रत्नागिरीला येणार हे कळलं तेव्हाच मी म्हटलं, आता झालं कल्याण. मुलींबरोबर कोणी बाईमाणूस हवं हे खरं, पण गावात एवढ्या बायका असताना नेमकी सरपंचच? तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आणि आमच्या मैदानाचा निकाल मात्र तिच्याच हातात.

मैदान म्हणजे शाळेमागचा सड्यावरच्या कातळाचा सपाट तुकडा. त्यावर गावच्या मुंबईकर मंडळाचा डोळा होता. माघातल्या उत्सवाला चाकरमानी गाड्या घेऊन येतात, त्या लावायला जागा नाही, तर इथे पार्किंग करून देतो, असं मंडळाचे अध्यक्ष निलेशभाऊ म्हणत होते. आम्ही सगळ्या मुली तडक ग्रामपंचायतीत जाऊन उभ्या राहिलो. काकीने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "रत्नागिरीच्या स्पर्धेत एक मॅच जिंकून दाखवा. मग निलेशला नाय म्हणून सांगते. नायतर गप घरी बसायचं."

मी कॅप्टन, समीक्षा. माझी जीभ माझ्या आधी धावते. "एक काय, दोन जिंकू," म्हणून मोकळी झाले.

आम्हाला खेळ शिकवला तो हरिश्चंद्रकाकांनी. ते मालवाहू जहाजावर फिटर होते. डेकवर एक रिंग लावलेली होती, सुट्टीच्या वेळात खलाशी तिथे खेळायचे, तिथेच ते शिकले. गावी परत आल्यावर त्यांनी स्वतः वेल्डिंग करून एक खांब बनवला आणि मैदानाच्या पश्चिमेच्या टोकाला उभा केला. एकच. "जहाजावर पण एकच होती," ते म्हणायचे, "दुसरी काय पाण्यात लावतात?" दुसऱ्या टोकाच्या गडग्याच्या भिंतीवर त्यांनी चुन्याने एक गोल काढला होता. ती आमची 'समजा' रिंग. समजा इथे रिंग आहे, समजा बॉल आत गेला. चिरे रचलेल्या त्या गडग्याला बॉल आपटून आपटून चुना पार उडून गेला होता. खरी बास्केट टाकायची ती समुद्राकडे तोंड करून, आणि ती टाकण्यात आमच्या शमिकेचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोरगी माडासारखी उंच, बोलायला मात्र अगदी कमी.

तवसाळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने जयगडला उतरलो आणि सकाळी सकाळी रत्नागिरी गाठली. स्पर्धेचं मैदान एका टेकाडावर होतं, गुळगुळीत सिमेंटचं, आणि तिथून खाली समुद्र दिसत होता. आमच्यातल्या सगळ्यांना बरं वाटलं. वाटलं, हे तर आपलंच आहे. तिथेच घात झाला.

प्रत्येक संघाला दोन मॅच मिळणार होत्या. पहिली शहरातल्या एका संघाशी होती. त्यांचे बूट बघूनच आम्ही निम्म्या गार झालो होतो. पण नाणेफेकीनंतर आमच्या वाट्याला टाकायला समुद्राकडची रिंग आली आणि शमिका सुटली. तिने टाकायचं आणि आम्ही ओरडायचं, असं अर्धी मॅच चाललं. मांडवात खुर्चीवर बसलेली काकी चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन शांतपणे बघत होती. कुणी टाकलं की आजूबाजूचे काय करतात ते बघायची आणि मग टाळी वाजवायची.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आम्हाला डोंगराकडची रिंग मिळाली. आता तिकडे टाकायचं, असं हरिश्चंद्रकाकांनी दोनदा बजावून सांगितलं, आम्ही दोनदा मान हलवली. कसंबसं खेळलो. शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही एकवीस, त्या वीस. एक मॅच खिशात होती. समोरच्या मुलीचा नेम चुकला, रिंगवर आपटून उसळलेला बॉल शमिकेने उडी मारून पकडला. आता फक्त तो सांभाळायचा होता. शमिकेने मान वर केली, समोर समुद्र बघितला, आणि चार वर्षं जे करत आली होती तेच केलं. बॉल रिंगला न लागता आत.

आम्ही राखत होतो त्याच रिंगमध्ये. दोन गुण त्यांना.

सगळं मैदान एक क्षण गप्प झालं आणि त्या शांततेत एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. काकी खुर्चीतून उठून ओरडत होती, "गेला गो गेला! घातलान शमिकेनं!"

आम्ही एका गुणाने हरलो. मला इतका संताप आला होता की शमिकेच्या शेजारी मी बसलेसुद्धा नाही. ती टॉवेल तोंडावर घेऊन बसली होती. मला तिची दया येत होती आणि तिला दोन धपाटे घालावेसेही वाटत होते, दोन्ही एकदमच.

काकीला शेवटी कोणीतरी समजावून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती हरिश्चंद्रकाकांकडे गेली. "एवढी शिकवलीत, आणि पोरीला आपली रिंग कुठली ते कळू नये?"

"तिची रिंग म्हणजे समुद्राकडची, वयनी," काका म्हणाले. "आपल्याकडं दुसरी हाय कुठं?"

"मग ती गडग्यावरची?"

"ती खोटी. पोरींना ठावूक हाय ती खोटी हाय."

 काकी डब्याचं झाकण लावून परत खुर्चीत जाऊन बसली.

दुसरी मॅच लांज्याच्या मुलींशी. शमिका खेळायला उतरली, पण बॉल हातात आला की विस्तव आल्यासारखा दुसरीकडे फेकायची. रिंगखाली एकटी असली तरी टाकेना. "टाक की गो!" म्हणून मी किंचाळले, तर ती आणखीच बावरली. मध्यंतरापर्यंत आम्ही चांगल्याच मागे पडलो. बाजू बदलल्या, पुन्हा डोंगराकडची रिंग आली, आणि मी मनातल्या मनात मैदानावर गाड्या लावून टाकल्या.

तेवढ्यात मांडवातून काकी उठली. पदर खोचला, छत्री उघडली आणि भर उन्हात चालत जाऊन डोंगराकडच्या रिंगच्या मागे उभी राहिली. पंचांनी शिट्टी फुंकून तिला मागे व्हायला सांगितलं. ती दोन पावलं मागे झाली आणि तिथेच ठाम राहिली.

"शमिके!" तिचा आवाज ग्रामसभेला माइकशिवाय पुरतो. "समुद्र बगू नको! मला बग! मी हाय तिथं टाक!"

लोक हसले. लांज्याच्या मुलीही हसल्या. मलाही लाज वाटली, खोटं कशाला सांगू? पण शमिकेने त्या काळ्या छत्रीकडे बघितलं आणि बॉल टाकला. गेला. पुढचाही गेला. मग छत्री हलायची, हाक यायची आणि शमिका टाकायची. हसणारे लोक आमच्या बाजूने ओरडायला लागले. आम्ही अंतर भरून काढत आणलं, आणखी थोडा वेळ मिळता तर जिंकलोही असतो. पण वेळ संपला. तीन गुणांनी हरलो.

परतीची फेरीबोट पकडली. मी शमिकेच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तिने माझा हात धरला आणि आम्ही दोघी रडलो. मैदान गेलं होतं. 'दोन जिंकू' म्हणणारी मी, कुठल्या तोंडाने काकीकडे बघणार होते?

काकीचा फोन वाजला. सावलीत बसूनही तिचा चेहरा अजून लालबुंद होता.

"बोल निलेश. व्हय, येतोय आमी. जिंकल्या काय? जिंकल्या की."

आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. हरिश्चंद्रकाकांना ठसका लागला.

"एक जिंकल्या. पहिल्या मॅचला शमिकेनं शेवटी घातलेली बास्केट आपल्याकडं धर आणि सांग बघू कोण जिंकलं ते. पंच धरत नायत? नसतील धरत, मी धरते. गावानं पोरींना अर्धं मैदान दिलान आणि मी त्यांना सांगितलं पुरी मॅच जिंकून आणा. चूक तिची नाय, माझी हाय. गाड्या खालच्या मळ्यात लावा, माघात भात नसतं तिथं. आणि पार्किंगसाठी सिमेंट देणार होतास ना? ते पाठव. खांब रोवायला लागेल."

तिने फोन कमरेला खोचला, उरलेल्या चकल्यांचा डबा शमिकेच्या हातात दिला आणि दम भरल्यासारखी म्हणाली,

"गडग्याकडं लावायचा ना गो दुसरा खांब? मग बिगीबिगी लावून घ्या. दर मॅचला छत्री घेऊन उन्हात उभी राहायला मला येळ नाय."