गाणं मी संपवते

चार जाड तारा, लांबलचक मान आणि घोगरा आवाज. एवढं सांगूनही लोक म्हणतात, "गिटार ना?" अहो, गिटार आहेच, पण बेस गिटार! मी वाजत असताना माझ्याकडे कुणी बघत नाही, पण मी थांबले की सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. हा गर्व नाही, अनुभव आहे.

जन्म माझा कारखान्यातला. पुण्याच्या दुकानातून भोरच्या रघुवीर वकिलांनी मला हौसेनं घरी आणलं, दोन-चार रविवार छातीशी धरलं आणि भिंतीवर टांगलं. पाहुणे आले की म्हणायचे, "वाजवतो अधूनमधून." मला हसू यायचं. पुढं त्यांनी मला शेफालीच्या हाती दिलं, हे मात्र त्यांचे उपकार.

शेफाली नसरापूरची. तिचे चुलते धनाजीकाका यांची बेंजो पार्टी आहे. कीबोर्ड ते स्वतः वाजवतात. हळदीची सुपारी घ्यायची आणि टेम्पोत बसून गावोगाव जायचं. हळदीत गाणं कधी संपतच नाही. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. थांबलात तर नाचणारे अंगावर येतात.

मग कामथडीच्या यात्रेत स्टेजवर गाण्यांचा कार्यक्रम मिळाला. तिथं माणसं बसून ऐकणार, म्हणजे प्रत्येक गाणं नीट संपवायला हवं. आमच्या पार्टीला नेमकं तेच येत नव्हतं!

काका शेफालीला म्हणाले, "शेवट तुज्या गिटारीवर टाकतोय. न्हाई जमलं, तर बेस मीच कीबोर्डवर वाजवीन. मग तू घरीच बस."

तिचा चेहरा उतरला. पार्टीतली ती एकटीच मुलगी. ही जागा तिला मोठ्या मिनतवारीनं मिळाली होती.

ती मोबाईलवर बघून शिकू लागली. शेवटची ओळ संपली की थोडी मोकळी जागा उरते. तिथं सुरांची एक लड घ्यायची आणि मूळ सुरावर येऊन थांबायचं. तालमीत तिनं झोकात लड घेतली, भराभर वर चढली, आणि काठ्यांनी ऑक्टोपॅड बडवणाऱ्या इंद्रजितनं दणक्यात पुढचं गाणं सुरू केलं!

"आरं, थांब की!" काका ओरडले.

"मला वाटलं फुडचं गानं."

त्याचं तरी काय चुकलं? आमच्यात अशी चढती लड म्हणजे पुढच्या गाण्याचा इशारा. पुन्हा तेच, परत तेच. काका वैतागून कीबोर्ड झाकायला लागले.

"काका, एकडाव ऐका. चढायच्या ऐवजी उतरून बघते," शेफाली म्हणाली.

आणि ती वरून खाली आली, सावकाश, माझ्या सगळ्यांत जाड तारेपर्यंत. ते तर माझं माहेर! इंद्रजित एकदा थांबला, एकदा चुकला.

यात्रेत पहिल्या गाण्याची शेवटची ओळ आली. मी मनात म्हटलं, उतर बाई, मी आहे. ती उतरली. इंद्रजितच्या काठ्या सवयीनं वर गेल्या. जाड तार घुमली आणि शेफालीनं माझ्या चारही तारांवर तळवा ठेवला. मी गप्प. काठ्या हवेतच राहिल्या.

मैदानात कुणी हललं नाही. मग पुढं बसलेल्या एक आजी, ठकुबाई, मोठ्यानं म्हणाल्या, "संपलं व्हय? लई झ्याक संपलं गं पोरी!" मग टाळ्या थांबेनात.

काका तिच्याकडं बघून एवढंच म्हणाले, "दुसरं घे. त्याचाबी शेवट तुजाच."

आता टेम्पोत आदळून माझा रंग उडालाय, पण मी रोज हातात असते. एकच विनंती आहे. गाणं संपत आलं की चपला शोधायला उठू नका. जरा बसा. मी अजून उतरतेय.