घड्याळजींची शाल

घड्याळजींचा स्वतःचा शर्ट कायम उशीखालून काढल्यासारखा, आणि बायकोच्या शालीला मात्र दर आठवड्याला इस्त्री. ती बाई जाऊन वर्षं लोटली. शाल कुणी पांघरत नाही, तिला चुणी पडायचं कारण नाही. तरी हा माणूस ती छातीशी धरून माझ्या इस्त्रीच्या दुकानात येणार, टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, "जरा जपून हं."

माझा नवरा दुसरीचा हात धरून गेला, तेव्हा मला जपा असं कुणी म्हटलं नव्हतं. पुन्हा कुणात जीव गुंतवायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. मग घड्याळजींनी समोर घड्याळदुरुस्तीचं दुकान थाटलं, आणि डोळ्याला भिंग लावून खाली घातलेली त्यांची मान कधी वर होते याची मी वाट बघायला लागले. व्हायची वर. पण शाल झाली का, ते बघायला.

"मेलेल्या बाईवर काय जळतेस?" कपड्यांच्या घड्या घालता घालता वहिनी म्हणाली.

"जिवंत असती तर भांडले तरी असते."

त्या दिवशी मी शालीवर इस्त्री ठेवली आणि उचललीच नाही. कोपऱ्यावर तपकिरी डाग उमटला, आणि क्षणभर मला फार बरं वाटलं. मग मी घाईघाईनं इस्त्री उचलली. वहिनीनं कपाळाला हात लावला आणि ती मागच्या खोलीत सटकली.

संध्याकाळी ते आले. मी शाल पुढे केली.

"करपली. चुकून नाही, मी करपवली."

त्यांनी डागावरून बोट फिरवलं. "का?"

"तुमचा जीव अजून तिच्यातच अडकलाय. मला ते बघवत नाही."

ते म्हणाले, "हिला तिचा वास होता. तुम्ही पहिल्यांदा इस्त्री केलीत आणि तो गेला. घरी जाऊन रडलो मी." शर्टाच्या बटणाशी त्यांचा चाळा चालला होता. "आता हिला तुमच्या दुकानाचा वास येतो. गरम कापडाचा. आठवड्यात उडून जातो, म्हणून परत आणतो."

मागच्या खोलीत भांडं पडलं. वहिनीच, दुसरं कोण.

जळका कोपरा आत घेऊन मी शालीची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. कपाटात ठेवा म्हटलं.

"मग पुढच्या आठवड्यात काय आणू?"

"पुढचा आठवडा कशाला?" मी म्हणाले. इस्त्री अजून गरम होती. "अंगातला शर्ट काढा."