लाल कापडाखालचं आसन

सिउखिमच्या मागच्या खोलीत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आपला मोबाइल पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर धरून तोंडात बोट घालत होता. समोरच्या खोलीतल्या राउटरचं नेट या खोलीत कधीच पोचलं नव्हतं. सिउखिमचा नवरा बुनतेक त्यावरून जन्मभर कुरकुरला. आणि आता, तो गेल्यावर, त्याच्याच नावाच्या पाटीसमोर नेटचे सगळे दांडे भरलेले.

"दादाच वाट मोकळी करतोय," दीर बुनहिओंग उदबत्ती ओवाळत म्हणाला. "वर गेलं की माणसाच्या चार ओळखी होतातच."

देव्हाऱ्यामागे लाल कापडाखाली दादाचं 'आसन' होतं. कापड उचललं तर दादा कायमचा उठून जाईल, अशी दिराची ताकीद होती. सिउखिम बिचारी रोज त्या कापडाशी बोलायची. दादाची म्हणे आता एकच इच्छा उरली होती, माशांचं तळं धाकट्या भावाच्या नावावर व्हावं. तिचं पोट त्याच तळ्यावर होतं. तरी कागद तयार झाला, आणि ती लेकीला व्हिडिओ कॉलवर समोर ठेवून सहीऐवजी उमटवायचा आपला शिक्का काढू लागली.

"आई, थांब जरा," शहरात शाळेत शिकवणारी लेक याझू फोनमधून म्हणाली.

"थांबून काय करू? तुझे बाबा खोळंबलेत."

असं म्हणत ती पाटीला नमस्कार करायला वाकली, आणि कापडाच्या कडेखाली तिला हिरवा कोपरा दिसला. मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट! यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून गावात सगळे ते यंत्रावर ठेवतात.

"भाऊजी, हे पाकीट तुम्ही ठेवलंत?"

"हो, म्हणजे, बिघाड नको म्हणून..."

"बिघाड यंत्रात होतो. तुमच्या दादात कसला?"

बुनहिओंग पुढे झेपावला, पण तिने कापड ओढलंच. खाली तिचाच जुना राउटर लुकलुकत होता. बुनतेकच्या डासांच्या उदबत्तीने पडलेला डाग तसाच होता. नवा आल्यावर तिने तो भंगारात द्यायला दिराच्याच हातात दिला होता.

"वायर बघ," याझू म्हणाली.

वायर भिंतीच्या कडेने समोरच्या खोलीतल्या राउटरपर्यंत गेली होती.

"यात चमत्कार नाही, जुन्या राउटरच्या सेटिंग्ज पुसायच्या," याझू सांगू लागली. "जोडलेल्या फोनांना पत्ते वाटायचं काम नव्यावर सोडायचं, जुन्याचं बंद. नाव नि पासवर्ड तेच ठेवायचे आणि वायर जोडायची. माझी सातवीतली मुलंही करतील, काका."

सिउखिमने प्लग काढला. खोलीतले दांडे गेले, लेकीचा चेहराही गेला. तिने प्लग पुन्हा लावला. दिवे लागले, जरा वेळाने दांडे आले, लेकीचा फोनही आला.

"वहिनी, मी तुमच्या सोयीसाठीच..."

"सोय म्हणून सांगितलं असतंत तर जन्मभर जेवू घातलं असतं," ती म्हणाली. "मी रोज इथे बसून त्यांच्याशी बोलत होते, भाऊजी. तुम्ही दारात उभे राहून ऐकत होतात."

तिने शिक्का कमरेला खोचला. हिरवं पाकीट फोडून शेजाऱ्यांपुढे धरलं.

"खा. यंत्राला भूक नसते. आणि पुन्हा कुठे नवल दिसलं, तर हात जोडायच्या आधी वायर कुठे जाते ते बघा. मी नाही बघितलं."